सुरवंट निघाले ते वर्ष

यंदा आषाढ अर्धा सरला तरी नांदेडच्या आभाळात नुसते पांढरे ढग हिंडत आहेत. काल सकाळी अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढताना उशीच्या अभ्र्यावर एक सुरवंट दिसला. तांबूस-काळा, दाट केसांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा. शेजारच्या वहिनी कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "ताई, मारू नका हो. सुरवंट निघाले म्हणजे पाऊस येतोच आता. आमच्या देगलूरला असंच म्हणतात." मी त्याला खराट्याच्या काडीवर घेतलं आणि पेरूच्या झाडाखाली सोडून आले. वहिनींना काही बोलले नाही. बोलायचं म्हटलं असतं तर तासभर लागला असता, आणि त्यांचं दूध गॅसवर होतं.

दुपारभर मात्र उजव्या हाताच्या मनगटावर उगाच खाज सुटल्यासारखं वाटत राहिलं. सुरवंटाला हात लागला नव्हता. ती खाज जुनी होती.

आमचं गाव उदगीर आणि मुखेडच्या मध्ये, एका ओढ्याच्या काठावर. ओढ्यापलीकडं नांदेड जिल्हा. अलीकडचा जिल्हा मात्र बदलत राहिला. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म झाला तेव्हा गाव बिदर जिल्ह्यात होतं. त्यांचं लग्न झालं तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. आणि मी लातूरला कॉलेजात शिकत होते तेव्हा लातूर हाच जिल्हा झाला, गाव त्यात गेलं. माझी गोदाआत्या म्हणायची, "आपुन हाय तिथंच हाय. जिल्हेच हिंडून राहिलेत."

आत्या दादांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती आमच्याकडं राहायला आली ती कायमची. काटक, काळीसावळी, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. वस्तीत तिची ओळख एकच होती. तिला सुरवंट कळतात. मृग लागून गेला की ती रोज सकाळी ओढ्याच्या चढावर जाऊन उकिडवी बसायची. सुरवंटाचे केस काळे आणि लांब असले तर पाऊस उदंड. तांबडे, आखूड असले तर तुटक. सुरवंट ओढ्याकडून चढाला चालले तर ओढ्याला पाणी येणार, कारण त्यांना बुडायचं भय. चढावरून ओढ्याकडं उतरू लागले तर समजायचं की ओढा कोरडाच राहणार. बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी ते खाली उतरताना तिनं पाहिले होते आणि सगळ्या वस्तीला सांगितलं होतं. तेव्हापासून तिचा शब्द खाली पडत नसे.

गावात पाऊस सांगणारी दुसरी जागा म्हणजे शिवलिंगअप्पांचं दुकान. अप्पा ओट्यावर बसून पंचांग वाचायचे. मृगाचं वाहन कोल्हा, आर्द्राचं बेडूक, असं. ओट्यावर बसायची माणसं वेगळी, ओट्याखाली उभं राहून ऐकायची वेगळी. आमच्या घरानं धम्म स्वीकारला, दादांनी घरातले देवांचे टाक ओढ्यात सोडले, तेव्हापासून आम्ही ओट्याखाली उभं राहणंही सोडलं. सुरवंट मात्र घरात राहिले. मी एकदा आत्याला टोकलं होतं, "आत्या, देव सोडले ना आपण? मग सुरवंट कामून धरलेत?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पंचांगाला वट्ट्याखाली हुबं ऱ्हावं लागायचं. सुरवंट बगायला कुनाची परवानगी लागत न्हाई."

लातूरला त्या वर्षी सगळीकडं ओल्या रंगाचा वास होता. सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगवल्या जात होत्या. जुन्या जिल्ह्याचं नाव खालून पुसट दिसत राहायचं, म्हणून रंगारी दुसरा हात मारायचे. आमच्या वसतिगृहात मात्र रंगापेक्षा पाण्याची चर्चा जास्त. टँकर आला की बादल्यांची रांग, एकीला दोन बादल्या. अंघोळ, कपडे, सगळं त्यातच. गावाकडून आलेल्या आम्हा मुलींना त्याचं फार वाटत नसे. मला नवल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सकाळी उठून आपल्याला शेण काढायचं नाही, धुणं घेऊन ओढ्यावर जायचं नाही, नुसतं शिकायचं आहे, या गोष्टीचं. ते नवल माझं पदवी मिळेपर्यंत गेलं नाही.

प्राणिशास्त्राच्या सरांनी एकदा काचेची बरणी वर्गात आणली होती. बरणीत माती आणि मातीत तांबूस-तपकिरी कोश. सर म्हणाले, हा केसाळ अळीचा कोश. वर्षभर जमिनीत असाच पडून राहतो. वरून नुसता शिंतोडा पडला तर हा हलत नाही. ओल खाली पोचली की मग यातून पतंग बाहेर येतो, अंडी घालतो, आणि अळ्या निघतात. मी ते वहीत नीट उतरवलं, कोशाची आकृती काढली, शिसपेन्सिलीनं छटा दिली. आकृतीला सरांनी बरोबरची खूण केली. पण अळी म्हणजे आत्याचा सुरवंट, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. घरात पहिलंच शिकणारं लेकरू असलं की असं होतं. वर्गात ऐकलेलं एका गाठोड्यात बांधायचं, घरात ऐकलेलं दुसऱ्या. दोन्ही गाठोडी खांद्यावर घेऊन आपण एसटीत चढतो आणि एकाची गाठ सोडून दुसऱ्याशी ताडून बघावं असं सुचत नाही.

मला ते सुचायला लागलं ते गरजेपोटी, त्याच वर्षीच्या उन्हाळी सुटीत.

दादांनी बहात्तरला दुष्काळी कामावर खडी फोडली होती. दगड कुठं मारला म्हणजे फुटतो हे त्यांना तिथं कळलं. काम संपल्यावर ती कला घेऊन ते गावच्या गायरानात शिरले. कुणी चरायला जनावरही नेत नसे अशी चार एकर माळरानाची जागा. दर उन्हाळ्यात ते आणि माय तिथले दगड फोडायचे, वेचायचे आणि उताराला आडवे रचायचे. असे सात बांध झाले. बांधामागं माती थांबली. मुगाचं, तुरीचं थोडंफार पीक यायला लागलं. मी त्या मुगाची उसळ खाऊन वाढले. पण कागदावर ती जागा आमची नव्हती.

नवा जिल्हा झाला आणि दवंडी आली. गायरान कोण कसतंय त्याच्या नव्या याद्या वर पाठवायच्या आहेत, आषाढ संपायच्या आत तलाठी येऊन पाहतील. पेरा दिसला तर कसणाऱ्याचं नाव नोंदवहीत लागेल. जागा पडीक दिसली तर नाव लागणार नाही. दवंडी देणारा पुढच्या आळीला गेला, तरी दादा दारात तसेच उभे होते. दहा वर्षांचे दगड एका दिवसाच्या पाहणीवर येऊन ठेपले होते.

आणि त्या वर्षी मृगात एकच सर झाली. एका संध्याकाळी तासभर, जोरात. मग आभाळानं तोंड फिरवलं. रोज ऊन, रोज वारा. मायनं मुगाचं बी राखेत घोळून एका गाडग्यात जपलं होतं. गाडगं एकच. पेरलं आणि वरून पाणी आलं नाही तर बी जळणार, पुन्हा पेरायला दुसरं नाही, आणि तलाठ्याला दाखवायला उघडी जमीन. थांबलं तर तलाठी आधी यायचा. दादा सकाळी गायरानात जायचे, माती हातात घेऊन सोडून द्यायचे आणि परत यायचे. कोरडी माती बोटांतून निसटताना तिचा आवाज होत नाही. मला मात्र तो घरापर्यंत ऐकू आल्यासारखा वाटायचा.

मग सुरवंट निघाले. एकदोन नव्हेत. सकाळी आत्या मला हाताला धरून गायरानात घेऊन गेली. दगडांच्या बांधांमधून ते सगळे बाहेर येत होते आणि उताराला लागले होते. पाठीवर उन्हात चमकणारे तांबडे केस, अंगाला लाटा देत देत चाललेले.

"बग सुमे," आत्या म्हणाली. "खाली चाललेत. समदे खाली."

तिचा आवाज पडला होता. आपलं भाकीत सांगताना ती कधी अशी बोलत नसे.

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा दादा कोपऱ्यात बसले होते. "मग न्हाई पेरायचं," ते म्हणाले. "बी तरी वाचंल."

मी बोलले तेव्हा मला स्वतःलाच माझा आवाज परका वाटला. "दादा, सुरवंट पुढचं सांगत न्हाई. तो मागचं सांगतो."

आत्या माझ्याकडं वळली. "मागचं सांगायला सुरवंट कशाला पायजे गं? मागचं मला बी ठाव हाय. पाऊस पडला, मी भिजले, झालं."

"पडला ते तुला ठाव हाय. मुरला कुठं ते त्याला ठाव हाय." मी बरणीतली माती, कोश, ओल, सगळं भडाभडा सांगितलं. जिथून हे निघाले तिथं ओल खालपर्यंत गेलेली असणार, असंही.

दादा म्हणाले, "लातूरला ऱ्हाऊन हे शिकून राहिली व्हय? किड्यांचं?"

माय चुलीपुढं होती. तिनं तवा उतरवला, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "किड्यांचं तर किड्यांचं. खुरपं आन."

आम्ही चौघं गायरानात गेलो. मधल्या मोकळ्या जागेत मी खुरपं मारलं. धूळ. आणखी खाली मारलं, तरी धूळ. मग पहिल्या बांधापाशी, वरच्या अंगाला मारलं. चार बोटं खाली मातीचा रंग बदलला. खुरप्याबरोबर दोन रिकामे कोश वर आले, तांबूस, कांद्याच्या सालीसारखे हलके. मी ते तळहातावर घेतले. वहीतली आकृती आणि हे यांच्यात काही फरक नव्हता, एवढाच की वहीतल्याला बरोबरची खूण मिळाली होती आणि याला अजून मिळायची होती. मायनं ती माती मुठीत दाबली आणि मूठ उघडली. मातीवर तिच्या चारी बोटांचे ठसे तसेच राहिले. सर जोरात आली होती, पाणी उतारानं धावलं होतं, आणि दादांच्या दगडांपाशी येऊन थांबलं होतं. सातही बांधांमागं दहा-बारा पावलांची ओली पट्टी होती. आम्हाला दिसली नव्हती. सुरवंटांना कळली होती.

आत्यानं माती हुंगून पाहिली. "वल हाय," ती म्हणाली. "पर वरून पानी न्हाई आलं तर किती दिस पुरंल ही?"

"तलाठी येस्तवर पुरली तरी बास," माय म्हणाली.

 दादा जवळची बाभळीची फांदी तोडून तिला टोक काढत बसले. दुसऱ्या दिवशी त्याच काठीनं ते भोकं पाडत पुढं चालले होते, मागून माय दोन-दोन दाणे टाकत होती आणि मी टाचेनं माती दाबत होते. मधली जागा तशीच सोडून नुसत्या सात पट्ट्यांत मूग टोकला. पाचव्या दिवशी दोन-दोन पानांचे कोंब वर आले. दादांनी त्या दिवशी चप्पल बांधाबाहेर काढून ठेवली.

आणि त्यानंतरच्या सकाळी पानांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या.

हे मला आधी सुचायला हवं होतं. जिथं ओल तिथं सुरवंट, आणि जिथं सुरवंट तिथंच आम्ही कोवळा मूग लावला होता. ओढ्याकडं उतरलेले बरेचसे परत फिरले होते. माझ्या शास्त्रानं त्यांच्यापुढं ताट वाढून ठेवलं होतं. मला रडू यायला लागलं तर आत्या म्हणाली, "रडून काय हुतंय? तुला ते निगतात कुठं ते ठाव. मला ते बसतात कुठं ते ठाव. चल."

आणि तिला खरंच ठाऊक होतं. इतकी वर्षं पाऊस बघायला म्हणून ती त्यांच्यामागं हिंडली होती. ऊन चढलं की ते कोणत्या दगडाखाली शिरतात, उन्हं कलली की कुठल्या बाजूनं वर येतात, रुईच्या झुडपाशी किती वेळ थांबतात, तिला सगळं पाठ. तुरीची वाळकी काडी मधोमध चिरून तिचा चिमटा करायचा, सुरवंट उचलायचा, तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. ती प्रत्येक वेळी पुटपुटायची, "माफ कर रं बाबा, लेकरांच्या जमिनीचं काम हाय." जे आयुष्यभर वाचलं ते तिला आता डब्यात टाकावं लागत होतं, आणि ते तिला सोपं नव्हतं.

रॉकेल पाहिजे होतं, डब्यातले मारायला. आत्या आणि मी अप्पांच्या दुकानी गेलो. अप्पा ओट्यावरूनच हसले. "गोदे, तुझे सुरवंट वढा वलांडून नांदेड जिल्ह्यात चालले म्हनं. बदली झाली का काय?"

त्या साली मृगाचं वाहन म्हैस, पाऊस भरपूर, असं अप्पांनी वाचून दाखवलेलं सगळ्या गावाला ठाऊक होतं. आत्या म्हणाली, "हाव अप्पा. तुमच्या म्हशीवर बसून चाललेत. ती काय इकडं येऊन न्हाई राहिली, म्हनून."

ओट्यावरची माणसं खो खो हसली. अप्पाही हसले. आत जाऊन त्यांनी घासलेटाची बाटली आणली. "घेऊन जा. नुसत्या पान्यात ती अळी मरत न्हाई," म्हणाले. बाटली त्यांनी ओट्याच्या कडेला ठेवली, आत्याच्या हातात दिली नाही. तिनं ती उचलली. मी वाटेत धुमसत होते. आत्या म्हणाली, "दिली नव्हं? ठेवून दिली, पर दिली. तू शिक, मंजी तुज्या हातात देतील." ती हे समजूत म्हणून बोलत नव्हती. काम सांगितल्यासारखं बोलत होती.

कॉलेज सुरू झालं होतं. मी सरांना कार्ड टाकलं की घरी अडचण आहे, येऊ शकत नाही, आणि अडचण काय तेही लिहिलं. सरांचं उलट टपाली कार्ड आलं. या दिवसांत जे दिसेल ते वहीत लिहून आणा, त्याचं प्रात्यक्षिक धरू. ते कार्ड मी कितीदा वाचलं असेल. आपल्या घरच्या अडचणीला कॉलेजात काही मोल असू शकतं, हे मला पहिल्यांदा त्या कार्डानं सांगितलं. आज मी नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलं काड्यापेटीत सुरवंट घालून आणतात आणि विचारतात, "मॅडम, पाऊस येणार का?" मी त्यांना आधी एवढंच विचारते, "हा कुठं सापडला? तिथली माती कशी होती?" मग मुलं माती बघायला पळतात. माझं सगळं शिकवणं त्या एका कार्डाची परतफेड आहे असं मला वाटतं, आणि ती अजून पुरती झालेली नाही.

तीन आठवडे आम्ही सुरवंट वेचले. सकाळी आणि उन्हं कलल्यावर. केस अंगाला लागले की आग व्हायची. मनगटं, मान, कानामागं गांधी उठायच्या. माय घोंगडीचा तुकडा अंगावरून दाबून फिरवायची, केस त्याला चिकटून निघायचे. दादांचा एक डोळा सुजून बंद झाला, तरी ते दुसऱ्यानं वेचत होते. पुष्यात एकदा शिडकावा झाला, धूळ बसण्यापुरता. बाकी पाऊस आलाच नाही. आत्यानं म्हटलं होतं तसंच झालं, ओढा कोरडा राहिला. "मी सांगितलं नव्हतं का" असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही. मला आजही नक्की सांगता येत नाही की तिचं वाचन चुकलं होतं का. कारण तिनं सांगितलेलं कारण खरं नव्हतं, पण सांगितलेली गोष्ट खरी झाली. माझं कारण खरं होतं, आणि मूग अर्ध्याहून जास्त खाल्ला गेला. शेवटी पट्ट्यांमध्ये उभ्या राहिल्या त्या बहुतेक काड्या, काहींवर पानांच्या नुसत्या शिरा.

तलाठी आले ते टळटळीत दुपारी, दोन पंच बरोबर घेऊन. मध्यम वयाचे गृहस्थ, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, काखेत नोंदवही. सकाळपासून किती माळ तुडवले होते कुणास ठाऊक. आमच्या बांधावर उभं राहून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

"हे काय? मधी मोकळं, कडेला काड्या. याला पेरा म्हणायचं?" ते म्हणाले. "पडीकच लिहावं लागेल."

दादांनी तोंड उघडलं आणि मिटलं.  दहा वर्षं त्यांनी दगडांशी वाद घातला होता, माणसांशी घालायची सवय नव्हती. मी पुढं झाले. "साहेब, ओल फक्त बांधामागं होती म्हणून पट्ट्यांत टोकलंय. आणि ही केसाळ अळी, हिचा कोश जमिनीत..."

"ताई, मला पीक दाखवा. पुस्तक नको," ते म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

माय एका पट्टीत उभी होती. तिथूनच, आवाज न चढवता म्हणाली, "सायेब, आमी पेरलं नसतं तर अळीनं काय खाल्लं असतं? दगडं?"

तलाठी थांबले. "अळी? कुठंय अळी? मला तर एक दिसत नाही."

दिसणार कशी? सकाळीच आम्ही पट्ट्या वेचून साफ केल्या होत्या. आमच्या मेहनतीनं आमचाच पुरावा गोळा करून ठेवला होता. आत्या बाभळीखाली गेली. तिथला डबा घेऊन आली, त्यात घासलेट ओतायचं राहिलं होतं. तिनं तो तलाठ्यांच्या पायांपुढं उपडा केला.

"हे घ्या," ती म्हणाली. "हे आमचे गवाहदार. इचारा त्यांनाच, कुनाचं खाल्लं."

तलाठी दोन पावलं मागं सरले. एक पंच फिसकन हसला. सुरवंटांचा तो तांबडा ढीग क्षणभर तसाच पडून राहिला, एकेक गोळा होऊन. मग एकानं अंग सोडलं, दुसऱ्यानं सोडलं, आणि ते सगळे, वाट न चुकता, सरळ मुगाच्या काड्यांकडं चालू लागले. तलाठी बघत राहिले. पहिला सुरवंट एका काडीवर चढला, उरलेल्या एका पानाच्या कडेला लागला आणि खायला लागला.

"बरं," तलाठी म्हणाले. त्यांनी वही गुडघ्यावर घेतली आणि बराच वेळ लिहिलं. दादांचा अंगठा घेतला, पंचांच्या सह्या घेतल्या. दादांनी मला डोळ्यानं खुणावलं. मी वाकून वाचलं, दादांना ऐकू जाईल अशा बेतानं. "मूग. बांधालगत पट्ट्यांत पेरलेला. अळीने खाल्लेला."

"पेरलेला हाय नव्हं त्यात?" दादांनी विचारलं.

"हाय, दादा."

"आधी हाय का खाल्लेल्याच्या नंतर?"

"आधी हाय."

जमीन नावावर व्हायला पुढं बरीच वर्षं गेली. लातूरच्या कचेरीत दादांबरोबर मी कितीदा गेले, नोकरी लागल्यावरही रजा काढून गेले. पाट्यांवरचा तो नवा रंग आमच्यासमोर जुना झाला. दरवेळी फाईल उघडली की पहिला कागद त्या दिवसाचा असायचा, आणि दरवेळी टेबलामागचा माणूस तो वाचून मान वर करायचा. सातबाऱ्यावर दादांचं नाव चढलं तेव्हा आत्या नव्हती.

पण त्या दुपारी हे काही आम्हाला ठाऊक नव्हतं. तलाठी आणि पंच पुढच्या माळाकडं निघाले. दादा बांधावर बसले, सुजलेल्या डोळ्याला उपरणं लावून. मला वाटलं आता आपण घरी जाऊ, जेवू, जरा पडू. मायनं उपडा डबा उचलला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"गवाही झाली," ती म्हणाली. "आता वेच समदे. ऱ्हायलेली पानं तरी राखू."

मी चिमटा घेतला आणि खाली बसले.